गुरुजींचे रडणे

साने गुरुजींचे नाव निघाले की आमच्या खानदेशात आधी हात जोडले जातात आणि पाठोपाठ कोणीतरी म्हणतोच, ‘फार हळवे हो, सारखे रडायचे.’ शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी नोकरीभर ऐकले. म्हणणारी माणसे भलीच होती. पण त्यांच्या मनात एक समजूत पक्की होती, की ज्याचे मन भक्कम त्याला काही लागत नाही, आणि ज्याला लागते तो चांगला असला तरी कच्चा. मी इतिहासाचा मास्तर. रनाळ्यात राहिलो, आजूबाजूच्या गावांतली पोरे शिकवली. ही समजूत मला कधी पटली नाही. पण का पटत नाही ते नीट सांगता येत नव्हते. ते सांगायचे बळ मला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका दुसऱ्या मास्तराकडून मिळाले. तो चीनमधल्या लू राज्याचा. जग त्याला कन्फ्यूशियस म्हणते.

त्याचा सगळ्यात लाडका शिष्य येन हुई. गरीब घरचा, गल्लीत राहणारा, एक टोपली भात आणि भोपळ्याच्या भांड्यातले पाणी यांवर आनंदात असणारा. तो गुरूच्या आधी गेला. कन्फ्यूशियस तेव्हा सत्तरीला आला होता. तो इतका रडला की सोबतचे शिष्य घाबरले, म्हणाले, गुरुजी, तुमचे रडणे मर्यादेबाहेर चालले आहे. त्यावर त्याने विचारले, खरेच का? आणि मग म्हणाला, की या माणसासाठी नाही रडायचे तर कोणासाठी? ज्याने आयुष्यभर रीत, मर्यादा, माप शिकवले, ज्याच्या शाळेत शोक किती दिवस, कोणत्या कपड्यात, किती अंतरावरून करायचा याचेही नियम होते, त्याचेच माप त्या दिवशी सुटले. शिष्यांनी ही गोष्ट झाकली नाही. ‘लुन यू’ या त्याच्या संवादांच्या संग्रहात ती नोंदून ठेवली. मला या नोंदीचे फार मोल वाटते. गुरूला देव करायचा असता तर पहिल्यांदा हाच प्रसंग गाळला गेला असता.

त्यापुढचा प्रसंग आणखी अवघड आहे. येन हुईचा बाप आला आणि म्हणाला, मुलाच्या शवपेटीला बाहेरची दुसरी पेटी हवी, तर तुमचा रथ विकून ती करू. कन्फ्यूशियसने नकार दिला. माझा स्वतःचा मुलगा गेला तेव्हाही एकच पेटी होती, आणि दरबारी माणसांत ऊठबस असलेल्याला पायी चालणे शोभत नाही, असे त्याचे उत्तर. शिष्यांनी मात्र त्याचे न ऐकता थाटात दफन केले. तेव्हा तो हळहळला, की हुईने मला बापासारखे मानले, मला त्याला मुलासारखे वागवता आले नाही. ज्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडला, त्याच्याबद्दलही मनात एक रुखरुख उरलीच. रीत पाळली, आणि तरीही कमी पडलो ही जाणीव राहिली.

कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९. बाप लहानपणीच गेलेला. मोठेपणी लू राज्यात अधिकाराची जागा मिळाली, पण राजा आणि सरदार यांच्या ओढाताणीत ती टिकली नाही. पन्नाशी उलटल्यावर राज्य सोडले आणि चौदा वर्षे शिष्यांना घेऊन या दरबारातून त्या दरबारात हिंडला. कोणी ऐकून घेतले, कोणी हाकलले, ठेवून कोणीच घेतले नाही. चेन आणि त्साई या राज्यांच्या मध्ये असताना शिधा संपला, शिष्य आजारी पडले, त्यांना उठवेना. झिलू नावाचा तापट, सरळ मनाचा शिष्य रागाने गुरूसमोर उभा राहिला. चांगल्या माणसावरही अशी पाळी येते का, असे त्याने विचारले. गुरूने मान्य केले, की येते. फरक इतकाच की चांगला माणूस अशा वेळी घट्ट राहतो, हलका माणूस वाहवत जातो. चांगुलपणा उपाशी पोटापासून वाचवील, असे आश्वासन त्याने दिले नाही. आमच्याकडे लहान पोरांना आपण काय सांगतो? चांगले वागा, देव तुमचे चांगलेच करील. मीही सांगितले आहे. कन्फ्यूशियसने हे सांगितल्याचे मला कुठे सापडले नाही.

त्याच परंपरेतल्या ‘ली ची’ या रीतिग्रंथात एक प्रसंग आहे. मी तो पुन्हा पुन्हा वाचतो. कन्फ्यूशियसने आईला बापाशेजारी, फांग या ठिकाणी पुरले. जुन्या काळी थडग्यावर उंचवटा करत नसत. पण आपण पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण भटकणारे, खूण राहायला हवी, म्हणून त्याने चार फुटांच्या आसपास मातीचा उंचवटा केला आणि स्वतः पुढे निघून आला. शिष्य मागे राहिले. मोठा पाऊस झाला. शिष्य उशिरा पोचले तेव्हा त्याने विचारले, इतका उशीर का? ते म्हणाले, फांगचा उंचवटा ढासळला. तो काही बोलला नाही. त्यांना वाटले ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. तेव्हा त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तो एवढेच म्हणाला, की जुन्या लोकांनी थडग्यांची डागडुजी केल्याचे मी ऐकले नाही. उंचवटा त्यानेच केला, रीत मोडून, आणि तोही आईबापांवरच्या मायेपोटी. आणि ढासळला तेव्हा तो तिथे नव्हता. दोष कोणाचा हे ठरवता येत नाही, आणि रडू मात्र येते.

हा प्रसंग वाचला की मला गुरुजींचे ‘श्यामची आई’ आठवते. श्याम शिकण्यासाठी घराबाहेर, आई मरते तेव्हा तो जवळ नाही. गुरुजींची आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. पुस्तक लिहिले गेले १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. मध्ये पंधरा वर्षांहून जास्त काळ. इतकी वर्षे ते दुःख ओले राहिले. पुस्तकातली आई सचोटीने जगते, कोणाचे काही ठेवत नाही. तरी सावकाराचा माणूस दारात येऊन तिला नको ते बोलतो, घर जाते, आजार खाऊन टाकतो. तिची सचोटी तिला यातल्या एकाही गोष्टीपासून वाचवत नाही. आणि म्हणून ती कमी ठरत नाही. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. गावोगाव लोक रडून बाहेर पडले. तिथूनच बहुधा ‘रडवणारे पुस्तक’ ही ओळख पक्की झाली आणि आतली कठीण गोष्ट मागे पडली.

गुरुजी कोकणातले, पालगडचे. पण त्यांना गुरुजी केले ते अमळनेरने. रनाळ्याहून अमळनेर एकाच रुळावर आहे. जुन्या ताप्ती खोरे रेल्वेचा हा फाटा विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला. नंदुरबार, रनाळे, दोंडाईचा, पुढे अमळनेर. गुरुजी आले तेव्हा खानदेश १९०६ पासून दोन जिल्ह्यांत विभागलेला, आम्ही पश्चिमेत, अमळनेर पूर्वेत. पण कापूस, माणसे आणि बातम्या याच गाडीने जात-येत. अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले होते. शंकराचार्यांचे अद्वैत हा तिथला मुख्य विषय. पांडुरंग सदाशिव साने हा तरुण तिथे तत्त्वज्ञान शिकायला आला. संसारापलीकडचे, सुखदुःख न शिवणारे ब्रह्म शिकायला आलेला हा माणूस तिथे फार रमला नाही. १९२४ मध्ये तो शेजारच्या शाळेत, आजच्या प्रताप हायस्कूलमध्ये, शिक्षक झाला आणि छात्रालय सांभाळू लागला.

छात्रालयातल्या गुरुजींच्या आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे खूप सांगितल्या. मुले शाळेत गेली की गुरुजी खोल्या झाडत, अंथरुणांच्या वळकट्या नीट करत, कोणाची टोपी मळली असेल तर धुऊन टाकत, कंदिलांच्या काचा पुसत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढत. मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालवत. यात उपदेश कुठेच नव्हता. मी स्वतः वसतिगृहाचे काम जवळून पाहिले आहे, म्हणून सांगतो : पोरांचे कपडे धुणे एक वेळ सोपे, त्यानंतर एखादे पोर खोटे बोलले तर काळजाला जे लागते ते सोसणे अवघड. जो मुलांपासून हातभर लांब राहतो त्याला ते लागत नाही. गुरुजी लांब राहिले नाहीत.

आणि १९३० साली त्यांनी ही शाळा सोडली. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. देशाची हाक मोठी होतीच. पण छात्रालयातल्या त्या मुलांचे काय? त्यांच्या मागे कंदिलाच्या काचा कोणी पुसल्या? एक कर्तव्य पाळताना दुसरे हातून निसटते, याला इतिहासात शिक्षा नाही आणि माफीही नाही. गुरुजी तुरुंगात गेले, त्रिचनापल्लीला तमिळ शिकले, ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. पुढे ‘धडपडणारी मुले’ या नावाची कादंबरीच लिहिली. मला त्या नावात अमळनेरची मुले दिसतात.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवरची अठरा प्रवचने त्यांनी दिली. ती आज ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी आहेत, कारण समोर बसून कोणीतरी ती भराभर उतरवून घेत होते. ते साने गुरुजी. जरा डोळ्यांपुढे आणा. एकीकडे विनोबा, कोरडे, स्वच्छ, सुखदुःख समान मानणाऱ्या स्थितप्रज्ञाची लक्षणे उलगडणारे. दुसरीकडे ती लक्षणे अक्षर न गाळता लिहून घेणारे गुरुजी, ज्यांचे डोळे कुठल्याही गोष्टीने भरून येत. मी दोघांपुढेही नतमस्तक आहे, आणि विनोबांना कोरडे म्हणजे निर्दय म्हणत नाही; त्यांनी पुढे गोरगरिबांसाठी पायांची चाळण केली. पण आपल्या देशात साधू माणसाची जी एकच प्रतिमा वर काढून ठेवली आहे ती स्थितप्रज्ञाची. दुसरी प्रतिमा, जिला लागते, जी ढासळते, तिला आपल्याकडे घराघरात जागा आहे आणि तत्त्वज्ञानात नाही. कन्फ्यूशियसच्या शिष्यांनी तिला तत्त्वज्ञानात जागा दिली.

बोन्यू नावाच्या त्याच्या शिष्याला वाईट रोग झाला. गुरू भेटायला गेला तेव्हा खिडकीतून त्याचा हात हातात धरला आणि म्हणाला, असा माणूस, आणि त्याला असा रोग! दोनदा म्हणाला. कर्मफळ सांगितले नाही, परीक्षा आहे असेही म्हटले नाही. हात धरला.

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर जातात. दारावर बसायला जाणे हा खानदेशातला रिवाज आहे. गंधमुक्तीच्या विधीपर्यंत दार उघडे असते. अंगणात सतरंजी, पुरुष गप्प बसतात, कोणी पावसाचे बोलते. नवी बायामाणसे आली की आतून पुन्हा हेल उठतो, आलेली गळ्यात पडते, जरा वेळाने कोणीतरी म्हातारी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि रडणे थांबते. मग पुढची माणसे येतात. शहरातून आलेल्या नातेवाइकांना हे अवघडल्यासारखे होते, दिखाऊ वाटते. ‘ली ची’मध्ये हाच वाद आहे. शोकात छाती बडवून उड्या मारण्याची रीत होती आणि कन्फ्यूशियसच्याच शिष्यांपैकी एकाला ती काढून टाकावीशी वाटत होती. दुसऱ्याने त्याला समजावले, की भावना तशीच मोकाट सोडली तर माणूस तुटतो आणि दाबली तरी तुटतो; रीत तिला वाट देते. बियान गावचा एक माणूस आई गेल्यावर लहान मुलासारखा रडत होता. कन्फ्यूशियस म्हणाला, दुःख खरेच आहे, पण असे दुसऱ्याला करता येणार नाही. रीत अशी हवी की सगळ्यांना पाळता येईल. म्हणजे त्याला बेभान रडण्याचे कौतुक नव्हते. तो माप जाणत होता. म्हणूनच येन हुईच्या वेळी ते माप सुटले, याला अर्थ आहे.

माझा एक विद्यार्थी पावसाळ्यात मिरचीच्या शेतात सर्पदंशाने गेला. नववीत होता. मी दारावर गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, आणि सतरंजीवर बसताच मला हुंदका आवरेना. बरोबरचे एक शिक्षक कानाशी म्हणाले, ‘सर, पोरं बघताहेत.’ वर्गातली मुले खरेच भिंतीला टेकून उभी होती. त्या मुलाची आजी आतून आली, माझ्या पाठीवर हात फिरवू लागली. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनी मला धीर दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात एकही मुलगा मला हसला नाही. उलट इतके दिवस माझ्याशी न बोलणारी मुले मधल्या सुट्टीत टेबलाभोवती येऊन उभी राहिली.

गुरूच्या आधी शिष्य जाणे हे आमच्या भागाला नवीन नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये झेंडा घेऊन निघालेल्या शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम दास गेले. शिरीष पंधरा वर्षांचा होता; डिसेंबरात सोळा पुरी झाली असती. घोषणा गुजरातीत होत्या, मारणारे हात आपल्याच देशातले होते. दर वर्षी त्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन फेरी काढायचो. भाषणात शौर्य सांगायचो आणि सांगायलाच हवे. पण मास्तर म्हणून माझ्या मनात नेहमी येई, की त्या मुलांना देशप्रेम शिकवणारे जे कोणी होते त्यांची ती रात्र कशी गेली असेल? शिकवले ते खरे होते, योग्य होते, आणि त्याची किंमत पंधरा वर्षांच्या पोराने दिली.

कन्फ्यूशियसला ती रात्र माहीत होती. झिलू, तोच तापट शिष्य, वेई राज्यात नोकरीला होता. तिथे बंड झाले. दुसरे निघून आले, झिलू मालकाला वाचवायला आत गेला. लढताना त्याच्या टोपीचा बंद तुटला. सज्जन माणूस डोक्यावरची टोपी खाली पडू देत नाही, म्हणत तो बंद बांधत राहिला आणि मारला गेला. टोपीची ही रीत कोणी शिकवली होती? गुरूनेच. गुरूला आधीपासून भीती होती, हा पोरगा स्वाभाविक मरणाने जाणार नाही. बातमी आली तेव्हा तो अंगणात रडला. निरोप्याने सांगितले, त्याच्या देहाचे तुकडे करून खारवले. कन्फ्यूशियसने घरातले खारवलेले मांस ओतून टाकायला सांगितले. हे इ.स.पू. ४८० चे. पुढच्या वर्षी तो स्वतः गेला.

आपला चांगुलपणा आपल्या एकट्याच्या मुठीत नसतो, असे मला या सगळ्यातून दिसते. तो मुलांत, शिष्यांत, आईबापांत, शेजाऱ्यांत वाटलेला असतो, आणि त्यांना जे होते ते आपल्याला होते. जो हे नको म्हणेल तो सुरक्षित राहील. पण मग त्याच्याजवळ जपायला राहते काय? नुसते दुःखच नाही, डागही लागतो. मेन्शियस, कन्फ्यूशियसनंतर शंभरेक वर्षांनी झालेला, चौच्या सरदाराची गोष्ट मांडतो. कन्फ्यूशियस ज्याला आदर्श मानी तो हा थोर माणूस. त्याने थोरल्या भावावर विश्वास टाकून त्याला जिंकलेल्या मुलखावर नेमले. भावाने तिथेच बंड केले, आणि ते मोडताना भावाचा जीव गेला. मग थोर माणसाची चूक झाली का? मेन्शियस म्हणतो, झाली. आणि भावावर विश्वास टाकण्याची चूक माणसाने करणे स्वाभाविक नाही का? त्याने चूक पुसली नाही.

गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण असेच पाहावे लागते. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना, तेव्हाचा शब्द, खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महिनोन् महिने महाराष्ट्र पिंजून काढला आणि १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. ज्यांना ते सर्वस्व मानत त्या गांधीजींनीच तार करून उपोषण सोडायला कळवले. गांधीजींपर्यंत पोचलेली माहिती अपुरी होती. पण तार ती तार. गुरुजींनी उपोषण चालू ठेवले. १० मे ला मंदिर खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. आज आपण विजय सांगतो. मला मधले दिवस दिसतात. गुरूची आज्ञा मोडली नाही तर चंद्रभागेच्या वाळवंटात शतकानुशतके उभ्या असलेल्या माणसाशी बेइमानी, आणि मोडली तर बापाशी. कुठल्याही बाजूने पाय उचलला तरी काहीतरी तुटणारच होते. त्यानंतर नऊ महिन्यांत गांधीजींचा खून झाला, मराठी माणसाच्या हातून. गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केले. जो गुन्हा त्यांनी केला नव्हता त्याचा भार त्यांनी उचलला, कारण मारणारा आपल्यातला होता.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वय पन्नास. या मृत्यूला उदात्ततेचा मुलामा देणाऱ्यांचे मला पटत नाही, आणि ‘हळवे होते, दुसरे काय होणार’ म्हणणाऱ्यांचे तर मुळीच नाही. कन्फ्यूशियसचा शिष्य झिशिया मुलगा गेल्यावर इतका रडला की दृष्टी गेली. तेव्हा त्याचा मित्र, त्झंगझी, आधी त्याच्यासाठी रडला आणि मग त्याच्या चुका सांगून त्याला खडसावले. झिशियाने काठी टाकली, मान्य केले, की फार दिवस झाले मी सगळ्यांपासून लांब एकटा राहतो आहे. गुरुजींचे मित्र कमी नव्हते, जीव टाकणारे होते. तरी त्या जूनमध्ये दारावर येऊन आधी रडेल आणि मग खडसावेल असे कोणी वेळेवर पोचले नाही. जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसला त्याच्या उशाशी त्या रात्री कोणी नव्हते, हे खानदेशाचे आणि साऱ्या महाराष्ट्राचे देणे आहे. शाळेत एखादा मास्तर फार मनाला लावून घेणारा आहे असे कळले की आपण त्याला जरा कणखर व्हायला सांगतो. त्याऐवजी त्याच्या घरी जाऊन बसावे, एवढे तरी आम्हा मास्तरांना करता येण्यासारखे आहे.